भिंत पांढरी नव्हती : रंगीत निगेटिव्हची गोष्ट

आजचा भाग मी माणगावातून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मधूनच हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येईल. ऑडिओतून तो काही निघाला नाही. वाचणाऱ्यांची तेवढी सुटका.

आमच्या घरात हॉलमध्ये आई-बाबांच्या लग्नाचा एक फोटो लावलाय. मे १९९४. पांढऱ्या भिंतीसमोर दोघं उभे आणि दोघांचेही चेहरे पिवळसर, आईचा जरा जास्तच. लहानपणापासून मी ऐकत आलोय, ‘हळद उतरलीच नव्हती गं तुझी.’ पाहुणे आले, फोटोकडे बघितलं, की हा विनोद ठरलेला. गेल्या पावसाळ्यात मला कळलं की ती हळद नव्हती. आणि भिंतही पांढरी नव्हती.

आता सुरुवातीपासून सांगतो.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मी लोणेऱ्याहून बी.टेक. करून नुकताच नोकरीला लागलो होतो आणि लॉकडाऊनमुळे घरीच होतो. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं आणि दुपारपर्यंत आमच्या जुन्या घराची निम्मी कौलं उडाली. माळ्यावरचं सामान भिजत होतं ते आम्ही भराभर खाली काढलं. त्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, झाकणाला चिकटपट्टी मारलेला. आत निगेटिव्ह. नऊ रोल. डबा कोरडा राहिला होता, पण कोकणातल्या हवेत ‘कोरडा’ या शब्दाला फारसा अर्थ नाही. दोन रोलवर बुरशीची जाळी होती. मी डबा कपाटात ठेवला आणि पाच वर्षं विसरलो. गेल्या वर्षी ताम्हिणी उतरून गणपतीआधी घरी आलो, पावसाने बाहेर पडता येईना, तेव्हा तो काढला.

रंगीत निगेटिव्ह तुमच्यापैकी अनेकांनी हातात धरलेलं नसेल. उजेडासमोर धरलं की सगळं नारिंगी दिसतं. माणसांचे चेहरे निळसर, केस पांढरे, झाडं जांभळट. आपण म्हणतो, फोटो उलटा आहे, सुलटा केला की झालं. मीही फोनवर ‘इन्व्हर्ट’ दाबून बघितलं. सगळं घर निळं-हिरवं झालं, जणू लग्न पाण्याखाली लागलं होतं.

म्हणून मी वाचायला लागलो. हे नारिंगी का असतं? आणि एकदा त्यात शिरलो की माणूस १८६१पर्यंत मागे जातो.

त्या वर्षी लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने एका रंगीत फितीचे तीन फोटो दाखवले. एक लाल काचेतून काढलेला, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्ही कृष्णधवल. मग त्याच रंगांच्या उजेडात तिन्ही एकमेकांवर पाडले, आणि पडद्यावर रंग दिसला. मुद्दा असा की रंग कुठल्याच एका फोटोत नव्हता. तो तीन नोंदी एकत्र करताना तयार झाला. तुमच्या फोनचा कॅमेरा आजही हेच करतो.

आपल्याकडे हे तंत्र आधी छापखान्यात आलं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, आणि तीन रंगांच्या छपाईसाठी १९०९मध्ये जर्मनीला जाऊन आले होते. मग १९३३. कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. तो भारतातला पहिला रंगीत बोलपट व्हायचा होता. त्यासाठी फिल्म जर्मनीला नेली, तिथे रंगीत प्रती काढायचा घाट घातला. पण रंग मनासारखे आले नाहीत आणि ते स्वप्न तिथेच राहिलं. माझ्या डोळ्यांसमोर नेहमी ती खोली येते. कोल्हापुरात शूटिंग केलेला माणूस परक्या देशात पडद्यासमोर बसलाय, आणि जे लुगडं त्याने स्वतः बघून निवडलं होतं ते भलत्याच रंगाचं दिसतंय. (हे मी कल्पनेने सांगतोय, पण माझ्या लॅपटॉपसमोर माझं तेच झालं होतं.)

नारिंगी रंगाचं उत्तर मिळालं ते कोडॅकच्या वेस्ली हॅन्सन या संशोधकाच्या कामात, १९४०च्या दशकातल्या. हे नीट सांगतो, कारण प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना हे फार आवडेल.

रंगीत फिल्ममध्ये तीन थर असतात. डेव्हलप करताना त्या थरांत तीन रंगद्रव्यं तयार होतात : पिवळं, किरमिजी आणि आकाशी. चांदी नंतर रसायनांनी धुऊन काढतात. म्हणजे तुमच्या घरातल्या रंगीत निगेटिव्हमध्ये चांदीचा कणही उरलेला नसतो, फक्त रंग उरतो. अडचण अशी की ही द्रव्यं शुद्ध नसतात. किरमिजीने फक्त हिरवा उजेड अडवायला हवा, तो थोडा निळाही अडवतो. आकाशीने फक्त लाल अडवायला हवा, तो हिरवा आणि निळाही थोडा खातो. ही चूक रंगाच्या प्रमाणात कमीजास्त होते, म्हणून प्रिंट मळकट येते.

हॅन्सनने चूक काढून टाकायचा प्रयत्न केला नाही. त्याने ती सगळीकडे सारखी करून टाकली. जिथे द्रव्य तयार होत नाही, तिथे मुद्दाम तेवढाच पिवळा-तांबूस रंग शिल्लक राहील अशी रसायनं त्याने थरांत घातली. मग चूक आणि भरपाई मिळून पूर्ण फिल्मवर एकसारखा नारिंगी पडदा तयार झाला. आणि जी चूक सगळीकडे सारखी आहे ती एका फटक्यात वजा करता येते! कोडमध्ये आपण याला ऑफसेट म्हणतो. मी त्या रात्री साडेबाराला हे वाचलं आणि अक्षरशः टाळी वाजवली. आईने आतून विचारलं, ‘डास आहेत का रे?’

पुढचा इतिहास भराभर सांगतो. १९४२मध्ये कोडॅकने कोडाकलर ही सामान्य माणसासाठीची रंगीत निगेटिव्ह फिल्म आणली. युद्धाच्या काळात जर्मनीची आग्फा वेगळ्या वाटेने तिथेच पोचली होती. १९७२मध्ये सी-४१ ही धुण्याची पद्धत आली : डेव्हलपर ३७.८ अंशांवर, ३ मिनिटं १५ सेकंद. फुजी, कोनिका, आग्फा सगळ्यांनी आपापल्या फिल्म या पद्धतीला जुळवून घेतल्या. म्हणून रोल कुठल्याही कंपनीचा असो, कुठल्याही गावातली लॅब तो धुऊ शकत होती. आपल्याकडे उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्याची ‘इंदू’ फिल्म होती, पण तिची ओळख कृष्णधवलचीच. पूर्व जर्मनीची ओर्वो फिल्म रुपयांतल्या व्यापारामुळे मिळायची. १९८२ला दूरदर्शन रंगीत झालं, आणि त्यानंतरच्या दशकात लग्नाचा फोटो रंगीतच असतो हे गावोगाव ठरून गेलं.

आमच्या लग्नाचे (म्हणजे आई-बाबांच्या, मी तेव्हा नव्हतो) रोल धुवायला पनवेलला गेले होते, असं बाबा सांगतात. फोटोग्राफर संध्याकाळच्या एसटीने निघाला आणि आठ दिवसांनी अल्बम घेऊन आला. छत्तीसच्या रोलमधले वीस-बावीसच छापले. प्रत्येक प्रिंटला पैसे होते, उगाच कोण छापणार?

म्हणजे प्रत्येक रोलमध्ये चौदा-पंधरा फोटो असे होते की जे कुणीच कधी पाहिले नव्हते.

आता मी काय केलं ते सांगतो, कारण अनेकांचे ‘स्कॅनर घ्यावाच लागेल का?’ असे मेसेज येतात. नाही. मित्राकडून चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स आणली. चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, त्यावर सहा हजार पिक्सेल आडवे पडतात, एवढं पुष्कळ आहे. उजेडासाठी टॅबलेटची पांढरी स्क्रीन. पण निगेटिव्ह थेट स्क्रीनवर ठेवू नका, पिक्सेलची जाळी फोटोत येते. मध्ये दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आणि तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा. चांगल्या फोननेही हे जमतं, फक्त व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर लॉक करा. ऑटोवर ठेवलंत तर प्रत्येक चौकटीला वेगळा न्याय मिळेल. चकचकीत बाजू वर ठेवली की कडेची अक्षरं सुलटी वाचता येतात. बुरशी असेल तर पाणी चुकूनही लावू नका. बुरशीने खाल्लेला थर पाण्यात विरघळून जातो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड, तेही हलक्या हाताने. आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर आधी त्या पट्ट्या वेगळ्या करा. त्या फिल्मचा पाया सडायला लागलाय आणि तो इतरांनाही ओढतो.

सरकारी पातळीवर हेच काम पुण्यात चालतं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथे १९६४पासून आहे. जानेवारी २००३मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ फिल्मही त्यात गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी केंद्राने चित्रपट वारसा मोहिमेसाठी सुमारे ५९७ कोटी मंजूर केले. माझं बजेट त्याहून थोडं कमी होतं. पण घरच्या निगेटिव्हसाठी कुठलीच मोहीम येणार नाही, ते आपल्यालाच करायला लागणार.

असो. स्क्रिप्ट लिहिली, पायथनमध्ये, चाळीसेक ओळी. दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते तिचा नारिंगी रंग मोजायचा, पूर्ण चित्राला त्याने भागायचं, मग उलटवायचं. पाण्याखालचं लग्न एकदम जमिनीवर आलं. पण तरी कुठला पांढरा खरा पांढरा, हे स्क्रिप्टला कळत नव्हतं. ते कुणीतरी सांगावं लागतं.

लॅबमध्ये ते कोण सांगायचं? १९४०च्याच दशकात कोडॅकच्या राल्फ इव्हान्सने एक युक्ती मांडली होती : कुठल्याही साधारण फोटोतले सगळे रंग एकत्र ढवळले तर राखाडी येतो, म्हणून मशीनने सरासरी राखाडी येईल असं प्रिंट करावं. कॉम्प्युटर व्हिजन शिकलेल्यांना हे ‘ग्रे वर्ल्ड’ म्हणून माहीत असेल. शंभरातल्या बहुतेक फोटोंना हे लागू पडतं. पण मागे एकाच रंगाची मोठी भिंत किंवा लालभडक कनात असली की मशीन फसतं. त्याला वाटतं, उजेडच तसला आहे, आणि ते विरुद्ध रंग ओतून मोकळं होतं. मग ऑपरेटरने बटणं दाबून सुधारायचं. पिवळा, किरमिजी, आकाशी, आणि एक बटण फिकट-गडद. सीझनमध्ये दिवसाला शेकडो प्रिंट. नवरीचा चेहरा खरा कसा होता, हे त्या माणसाला कसं माहीत असणार?

त्याच्यासमोर एक नमुना मात्र असायचा. लॅबची मशीन बसवताना कोडॅककडून एक कार्ड यायचं, त्यावर एका बाईचा फोटो, शेजारी काही रंग. तिचा चेहरा नीट आला की मशीन नीट. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. ही शर्ली कित्येक दशकं गोरीच होती. कॅनडाच्या लॉर्ना रॉथ या प्राध्यापक बाईंनी यावर संशोधन केलंय. कोडॅकमधल्या जुन्या लोकांनी त्यांना सांगितलं की तपकिरी छटा सुधाराव्यात यासाठी दबाव आला तो मुख्यतः चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांकडून. फर्निचरकडून! सावळ्या माणसांची तक्रार ऐकायला त्यानंतर बराच वेळ लागला.

आता आमच्या रोलकडे. हॉलमधला फोटो आहे तेहतीस नंबरची चौकट. समोर मांडवात ऊन फार होतं, म्हणून फोटोग्राफरने दोघांना मागच्या पडवीत नेलं होतं. मी ती उलटवली आणि भिंत निळसर आली. मला वाटलं, कोड चुकला. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, ‘भिंत पांढरी होती. फोटो बघ की समोरचा.’ पुरावा म्हणून त्यांनी तीच प्रिंट दाखवली!

मी महाडला आत्याला फोन लावला. तिच्याकडे त्या काळातला एकही फोटो नाही. जुलै २०२१च्या पुरात तिच्या घरात पाणी शिरलं आणि अल्बम गाळात गेले. तिने क्षणभरही विचार केला नाही. ‘चुन्यात नीळ घातलेली ना. मीच कालवली होती लग्नाआधी. दोन दिवस हात निळे होते माझे.’

एकाकडे प्रिंट, दुसरीकडे आठवण. मला तिसरा साक्षीदार हवा होता.

तो मिळाला रोलच्या शेवटाला. छत्तीस संपल्यावरही फिल्म थोडी उरते, तिथे एखादी चौकट फुकट मिळते. ३६ए. फोटोग्राफरला एसटी गाठायची होती, रोल संपवून काढायचा होता, म्हणून त्याने जाता जाता कुठेतरी बटण दाबलं असणार. चौकटीची उजवी कड जळून गेलीय. डाव्या बाजूला तीच भिंत, तीच सावली, आणि उकिडवी बसून तपेलं घासणारी माझी आजी.

आजी १९९६ला गेली, माझ्या जन्माआधी. तिचा एकच फोटो मी पाहिलाय, स्टुडिओतला, कृष्णधवल, हार घातलेला. त्यात ती कॅमेऱ्याला घाबरल्यासारखी दिसते. इथे तिने मान वर केलीय आणि तोंड उघडं आहे. काहीतरी बोलतेय. बहुतेक ‘माझा कशाला काढतोस’ असंच काहीतरी. ही चौकट कुणी छापली नाही, कारण नवरा-नवरी नाही, कड जळालेली, आणि भांडी घासतानाचा फोटो कोण अल्बममध्ये लावतं?

तिच्या पायाशी करवंटी आहे. करवंटीत राख.

फोटोग्राफर लोक रंग जुळवायला राखाडी कार्ड वापरतात, मधल्या करड्या रंगाचं, कुठल्याच बाजूला न झुकणारं. चुलीतली राख म्हणजे अगदी तसं कार्ड नाही, ती किंचित पिवळटही असू शकते. पण तीस वर्षांपूर्वीच्या पडवीत त्याहून चांगली वस्तू मला मिळणार नव्हती. मी करवंटीतल्या राखेवर कर्सर नेला आणि क्लिक केलं. हा करडा, याच्या हिशोबाने बाकी सगळं.

भिंत निळसरच राहिली. कपड्यांना घालतो त्या निळीची, फिक्कट. आजीचं लुगडं आतापर्यंत धड हिरवं नाही, धड निळं नाही असं दिसत होतं. मी आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. उत्तर आलं : ‘चिंतामणी!!’ आणि मग तिचा फोनच आला, बराच वेळ ती बोलली नाही, मग म्हणाली की ते लुगडं तिनेच भाऊबीजेच्या पैशातून घेतलं होतं.

मग तेच आकडे मी तेहतीस नंबरला लावले. तोच रोल, तीच सावली, काही मिनिटांचं अंतर, त्यामुळे लागू व्हायला हवेत. हळद गेली. मशीनने निळी भिंत पांढरी करायला पिवळा ओतला होता, तो भिंतीबरोबर चेहऱ्यांवरही सांडला होता. एवढंच. पण अजून एक गोष्ट दिसली. मोठी उजळ भिंत मागे असली की मशीन पूर्ण चित्र गडद करतं, म्हणजे चेहरे काळवंडायला हवे होते. प्रिंटमध्ये ते उलट उजळ आलेत, भिंतीचे पोपडे दिसू नयेत इतके. म्हणजे कुणीतरी हाताने बटण दाबलं होतं. वाईट हेतूने नाही. नवरी उजळ दिसावी असंच सगळ्यांना हवं असायचं, गिऱ्हाईक तक्रार करायचं ते काळी आली म्हणून, गोरी आली म्हणून कुणी भांडायला गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

माझ्या स्क्रीनवर आई सावळी होती. आत्ता आहे तशी, फक्त बावीस वर्षांची.

मी तिला बोलावलं. तिने पदराला हात पुसले, चष्मा लावला, लॅपटॉपजवळ वाकून बघितलं. बाबा मागून म्हणाले, ‘जुनाच बरा आहे. हा काळा आलाय.’ आई काही बोलली नाही. तिने बोटाने स्क्रीनवर स्वतःच्या गालाला हात लावला, मग म्हणाली, ‘तुझ्या बाबांकडची माणसं बघायला आली होती ना, तेव्हा आमच्याकडे मला दुपारी बाहेर जाऊ देत नव्हते महिनाभर.’ आणि थोड्या वेळाने, ‘हीच मी आहे. हा छापून मिळतो का रे कुठे?’

मिळतो. माणगावातच छापून आणला, आणि काउंटरवरच्या मुलाला दोनदा सांगितलं की ऑटो करेक्शन बंद ठेव. हॉलमध्ये दोन्ही फोटो आहेत सध्या. बाबा जुन्याखाली बसतात. ३६ए या भागाच्या कव्हरला लावलाय, जळालेल्या कडेसकट, आत्याला विचारून. डब्यातले सात रोल झालेत. बुरशीवाले दोन बाकी आहेत, त्यातल्या एकाच्या कडेवर काही तरी खरवडून लिहिलंय, बहुतेक ‘बारसं’. कुणाचं ते अजून कळलं नाही.